खलनायकाचे मूळ सांगताना सिनेमा काय कापतो?

मागच्या पावसाळ्यापासून आम्ही धारणीत कॉलेजच्या पोरापोरींना सिनेमे दाखवतो आहोत. भिंतीवर पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर आणि सिनेमा संपला की तासभर चर्चा, एवढाच कार्यक्रम. एका महिन्यात ‘जोकर’ दाखवला, पुढच्या महिन्यात ‘असुरन’. ‘असुरन’ तमिळ असल्यामुळे आमच्यातला एक जण मधूनमधून थांबवून संवाद समजावून सांगत होता. दोन्ही सिनेमांत माणूस मारणाऱ्या माणसाची मागची गोष्ट आहे. तो असा का झाला, हे सांगणारी.

चर्चेत दोन तट पडले. पोलीस भरतीची तयारी करणारा एक जण म्हणाला, “मारणारा तो मारणाराच. त्याची रडकथा सांगून गुन्ह्याले माफी द्यायची काय?” त्यावर एक मुलगी म्हणाली, की ज्याला रोज लाथा बसतात तो एक दिवस उलटणारच, त्यात नवल काय? अर्धा तास हेच चालले. मग मागे बसलेला एक कोरकू मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझ्या बापावर लाकडाची केस आहे. गावात त्याले चोर म्हणतात. त्याची मागची गोष्ट तर कोणीच विचारली नाही.”

पुढे कोणी काही बोलले नाही. पण प्रश्न मोठा आहे आणि आपल्या चळवळीचा आहे, म्हणून हा लेख.

खलनायकाचे मूळ सांगणारा सिनेमा आला की प्रेक्षक दोन गटांत वाटले जातात. एका गटाला वाटते गुन्ह्याचे उदात्तीकरण झाले. दुसऱ्याला वाटते अन्यायाला वाचा फुटली. आमच्या मते दोघेही दुसऱ्या प्रश्नावर भांडतात आणि पहिला प्रश्न सोडून देतात. दया करायची की नाही, हे नंतर ठरवू. आधी हे विचारले पाहिजे, की पडद्यावर सांगितलेले मूळ खरे आहे काय? की सोयीचे तेवढे सांगून बाकीचे कापले? इतिहास चाळला तर दिसते, की कात्री बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर चालते. जात आणि जमीन.

अंगुलिमालाला दोन मुळे

आपल्या परंपरेत ही चर्चा हॉलिवूडपासून सुरू होत नाही. ती कोसल देशात, श्रावस्तीच्या परिसरात सुरू होते. अंगुलिमाल हा माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर. मज्झिम निकायातल्या अंगुलिमाल सुत्तात तो दरोडेखोर कसा झाला, याची कथा नाही. बुद्ध भेटतात, तो शस्त्र टाकतो, भिक्खू होतो. पण ऐकणाऱ्यांचे एवढ्यावर समाधान झाले नसावे. अनेक शतकांनंतर लिहिलेल्या अट्ठकथांमध्ये त्याचे पूर्वायुष्य येते. राजपुरोहिताचा मुलगा, नाव अहिंसक, तक्षशिलेतला हुशार विद्यार्थी. बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या श्रोत्यालाही ‘हा असा का झाला’ हे हवेच होते. गंमत अशी की त्याच कथेत शेजारी दुसरे कारणही ठेवले आहे. त्याचा जन्म म्हणे चोरांच्या नक्षत्रावर झाला होता. एक मूळ सांगते, गुरूच्या आणि सोबत्यांच्या वागण्याने माणूस बिघडला. दुसरे सांगते, तो जन्मतःच तसा होता. पुढच्या काळातली जवळजवळ सगळी भांडणे या दोन मुळांमधली आहेत.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिला आणि त्यात अंगुलिमालाला घेतले. नक्षत्राने माणूस ठरत नाही, माणूस बदलतो, हे धम्माचे म्हणणे त्यातून स्पष्ट होते. पण सुत्तातला शेवटचा भाग आपण विसरू नये. भिक्खू झालेला अंगुलिमाल भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या, दगड पडतात. डोके फुटते, भिक्षापात्र फुटते. रक्ताने माखून तो परत येतो आणि बुद्ध त्याला सांगतात, हे सोसले पाहिजे.

भरतीवाल्या मित्राला आमचे उत्तर इथे आहे. कारण शोधणे वेगळे आणि माफी देणे वेगळे. डॉक्टर तापाचे कारण शोधतो, म्हणून तो तापाच्या बाजूचा होत नाही. ‘हे असल्यामुळे ते होते’ हा कार्यकारणाचा विचार बुद्धाने दिला तो दुःख संपवण्यासाठी. ज्याला गुन्हा खरोखर संपवायचा आहे, त्याला गुन्ह्याचे मूळ शोधावेच लागते.

चोराचा मुलगा, न्यायाधीशाचा मुलगा

नक्षत्राची जागा पुढे कायद्याने घेतली. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. पारधी, कैकाडी, कंजारभाट, रामोशी यांच्या माथी हा शिक्का बसला. त्यामागचा विचार साहेबाने इथूनच उचलला होता. सुताराची जात असते, सोनाराची जात असते, तशी चोराचीही जात असणार! जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र इंग्रजी कायद्याच्या पुस्तकात गेले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा गेला, नजर गेली नाही. वऱ्हाडात आजही कुठे चोरी झाली की आधी पारध्याच्या बेड्याकडे बोट जाते.

याच काळात, डिसेंबर १९५१ मध्ये, राज कपूरचा ‘आवारा’ आला. पटकथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. त्यातला न्यायाधीश रघुनाथ मानतो की चोराचा मुलगा चोर आणि सभ्य माणसाचा मुलगा सभ्यच होणार. याच समजुतीने त्याने जग्गा नावाच्या माणसाला शिक्षा दिलेली असते. जग्गा सूड घेतो. न्यायाधीशाच्या बायकोला घराबाहेर काढायला लावतो आणि त्याच्या पोटच्या पोराला चोर बनवतो. प्रेक्षकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, रशियापर्यंत घेतला. परिस्थिती माणूस घडवते, हे त्यात ठणकावून सांगितले आहे आणि त्याबद्दल आम्हाला आदर आहे.

पण नीट पाहा. सिद्ध काय झाले? न्यायाधीशाचा मुलगा चोर होऊ शकतो, एवढेच. चोराचा मुलगा न्यायाधीश होऊ शकतो, हे दाखवण्याची हिंमत त्या सिनेमाने केली नाही. आणि खरा खलनायक जग्गा, ज्याला केवळ बापाच्या नावावरून गुन्हेगार ठरवले, त्याच्यासाठी कोण रडले? प्रेक्षकाचे अश्रू राजसाठी होते, कारण राजचे रक्त ‘चांगल्या घरचे’ होते.

मराठी वाचकाचा लाडका कर्ण हीच गोष्ट सांगतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. दुर्योधनाच्या बाजूने लढलेल्या कर्णाची वेदना मराठी मध्यमवर्गाने छातीशी धरली. सूतपुत्र म्हणून झालेला अपमान वाचून लोक हळहळले. आम्हीही हळहळलो. पण वाचकाला पहिल्यापासून माहीत असते की हा कुंतीचा मुलगा आहे, क्षत्रिय आहे, चुकून सूताघरी वाढला. अन्याय जातीचा नव्हताच, पत्ता चुकल्याचा होता! खऱ्या सूतपुत्राच्या वाट्याला हे प्रेम आले असते काय? एकलव्याला तर जन्माचे कुठलेच गुपित नाही. म्हणून त्याचा अंगठा जातो आणि गोष्ट पुढे निघून जाते.

‘जोकर’मध्येसुद्धा आर्थर काही काळ समजतो की आपण शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचे, थॉमस वेनचे, मुलगे आहोत. म्हणून आमची पहिली कसोटी अशी: खलनायकाचे मूळ शोधत सिनेमा शेवटी मोठ्या घराण्याच्या दारातच पोहोचतो काय?

धोंडिबाने विचारले म्हणून

मराठीत खलनायकांचे मूळ पद्धतशीर शोधणारे पहिले मोठे पुस्तक महात्मा जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’, १८७३ सालचे. अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना ते अर्पण केले आहे. पुस्तक संवादरूप आहे. जोतीराव सांगतात, धोंडिबा विचारतो. पुराणात जे दैत्य आणि राक्षस म्हणून रंगवले ते कोण होते? हिरण्यकश्यपू कोण, बळी कोण, बाणासुर कोण? धोंडिबा हा आपल्या विषयातला पहिला प्रेक्षक आहे, असे आम्ही म्हणू. ऐकतो, चकित होतो, शंका काढतो, पुन्हा विचारतो. भक्त होत नाही आणि टाळ्याही वाजवत नाही.

आणि जोतीराव कोणते मूळ दाखवतात? बळीच्या बालपणातले दुःख ते सांगत बसत नाहीत. ते राज्य सांगतात. जमिनीचे खंड, त्यांचे अधिकारी, सारा गोळा करणारी व्यवस्था. खंडोबा, म्हसोबा ही खेड्यातली दैवते त्यांच्या मांडणीत बळीच्या राज्यातले अधिकारी होतात. वामनाने तीन पावलांत काय मागितले होते? जमीन. कथा लहान मुलालाही माहीत आहे, पण तिचा अर्थ जमिनीचा आहे हे सांगायला जोतीराव यावे लागले. त्यांच्या मांडणीतला प्रत्येक तपशील आजच्या इतिहास संशोधनाला मान्य होईल असे नाही आणि आपण तो आंधळेपणाने मानूही नये. त्यांची पद्धत घ्यावी. ज्याला राक्षस म्हटले त्याची जमीन आता कोणाकडे आहे, हे विचारावे.

फूलनच्या सिनेमातून काय गेले?

ही पद्धत घेऊन ‘बँडिट क्वीन’ पाहू. शेखर कपूरचा हा सिनेमा १९९४ सालचा. फूलनदेवी मल्लाह जातीची, उत्तर प्रदेशातल्या यमुनेकाठची. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमईत वीस माणसे मारली गेली आणि देशभर तिचे नाव झाले. १९८३ मध्ये ती शरण आली आणि अकरा वर्षे खटल्याविना तुरुंगात राहिली.

सिनेमावर प्रतिक्रिया उसळल्या. एका प्रेक्षकाने आपल्या समाजाची बदनामी झाली म्हणून न्यायालय गाठले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाच्या बाजूने निकाल दिला. अत्याचाराची दृश्ये ती सूडाकडे का वळली हे समजण्यासाठी आवश्यक आहेत आणि ती पाहून प्रेक्षकाच्या मनात अत्याचार करणाऱ्याविषयीच घृणा येते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खलनायकाचे मूळ दाखवण्याच्या हक्काला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, असा याचा अर्थ.

पण सर्वांत महत्त्वाची प्रतिक्रिया खुद्द फूलनची होती. तिने सिनेमाला विरोध केला, कोर्टात गेली. जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या संमतीशिवाय पडद्यावर कसा दाखवता, हा प्रश्न अरुंधती रॉय यांनी तेव्हा लेख लिहून विचारला. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. फूलनचे पहिले भांडण जमिनीचे होते. चुलत भावाने, मायादीनने, कुटुंबाची जमीन बळकावली म्हणून दहा-अकरा वर्षांची फूलन त्याच्याशी भिडली होती. तिच्या बंडाची सुरुवात तिथे आहे. सिनेमाने ते भांडण बाजूला सारले आणि बलात्कार मध्यभागी आणला. हक्क मागणारी पोरगी गेली, पडद्यावर उरली ती फक्त पीडित बाई. प्रेक्षक हळहळला आणि घरी गेला. जमीन मागणाऱ्या पोरीसाठी हळहळणे इतके सोपे नसते, कारण मग आपल्या गावातला सातबारा आठवतो.

फूलनने १९९५ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला. १९९६ मध्ये ती मिर्झापूरमधून खासदार झाली. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिला गोळ्या घातल्या गेल्या. अंगुलिमालावर दगड पडले, फूलनवर गोळ्या. तिच्या हातून जे झाले त्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण ज्या सिनेमाने तिची ओळख जगाला करून दिली त्यात ही शेवटची फूलन नाही आणि पहिलीही पुरती नाही.

एकाच आठवड्यातले दोन सिनेमे

२ ऑक्टोबर २०१९ ला भारतात ‘जोकर’ प्रदर्शित झाला आणि दोन दिवसांनी तमिळमध्ये वेट्रीमारन यांचा ‘असुरन’. ‘जोकर’ येण्याआधीच अमेरिकेत धास्ती होती. २०१२ मध्ये ऑरोरा शहरात बॅटमॅनचा सिनेमा चालू असताना थिएटरात गोळीबार होऊन बारा माणसे मेली होती. त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी निर्मात्या कंपनीला पत्र लिहून चिंता कळवली. त्यांची भीती खोटी म्हणणारे आम्ही कोण? ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला खलनायकाची बाजू ऐकायला सांगणे सोपे नाही. दुसरीकडे त्याच वर्षी बैरूत, सांतियागो, हाँगकाँगच्या रस्त्यांवर आंदोलक जोकरचा चेहरा रंगवून उतरले. एकच चेहरा कोणाला खुन्याचा दिसला, कोणाला आपला.

‘जोकर’मध्ये गरिबी आहे, सरकारने बंद केलेला समुपदेशनाचा खर्च आहे. पण मूळ म्हणून जे शेवटी हाती येते ते आर्थरचे आजारी मन आणि आईच्या घरातला छळ. दुखणे एकट्याचे, म्हणून बंडही एकट्याचे. त्याच्यामागे धावणाऱ्या गर्दीला ना मागणी, ना संघटना.

‘असुरन’ पूमणी यांच्या ‘वेक्कै’ कादंबरीवर आहे. धनुषने केलेला शिवसामी सुरुवातीला भित्रा, दारू पिणारा म्हातारा वाटतो. स्वतःचा मुलगाच त्याला नेभळट समजतो. मग मागची गोष्ट उलगडते. पंचमी जमीन, म्हणजे अस्पृश्यांसाठी दिली गेलेली आणि इतरांनी गिळलेली जमीन. पायात चप्पल घातली म्हणून एका मुलीला झालेली मारहाण. जाळलेली घरे. शिवसामीच्या रागाला सातबारा आहे. सिनेमाचा शेवट मात्र कोयत्यावर होत नाही. जमीन हिसकावून घेता येते, पण शिक्षण कोणाला हिसकावता येत नाही, असे तो मुलाला सांगतो. शीर्षकात राक्षस आणि शेवटी बाबासाहेबांचा संदेश.

त्याच्या आदल्या वर्षी पा. रंजित यांचा ‘काला’ आला होता, धारावीच्या जमिनीवरचा. त्यात पांढऱ्या कपड्यातला बिल्डर-नेता रामकथा ऐकतो आणि काळ्या कपड्यातला काला रावणाच्या जागी असतो. नाना पाटेकर आणि रजनीकांत. जीपच्या नंबर प्लेटवर ‘बीआर १९५६’ पाहून आपल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिट्ट्या माराव्यातच. पण त्या नंबर प्लेटपेक्षा जमिनीचा प्रश्न मोठा होता, हे शिट्टीनंतर आठवले पाहिजे.

मूळ सांगायचा मक्ता कोणाचा?

इथे एक धोका आहे आणि तो आपल्या लोकांनी ओळखावा. मूळ सांगण्याचे हत्यार बलवानाच्याही हाती असते. मोठ्या घरचा मुलगा गुन्ह्यात सापडला की लगेच त्याची मागची गोष्ट तयार होते. चांगल्या घरचा आहे, संगत वाईट, पाय घसरला. गरिबाचा सापडला की गोष्टच नाही. त्यांची जातच तशी.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला पसरवले गेलेले मूळ कोणते होते? अनैतिक संबंध, त्यामुळे चिडलेले गावकरी. म्हणजे मारणाऱ्यांना मूळ मिळाले आणि मेलेल्यांना कलंक. त्या कुटुंबाची स्वतःची जमीन होती, त्यांच्या शेतातून रस्ता हवा होता, पोरगी शिकत होती, हे लोकांपर्यंत पोहोचवायला आपल्याला रस्त्यावर उतरावे लागले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि हे सूडाचे प्रकरण आहे, जातीचे नाही, असे म्हटले. तिथेही मूळ सांगताना जात कापली गेली.

आणि प्रत्येक खलनायकाला बिचारा ठरवायचे नसते. आमच्या मेळघाटात चिखलदरा आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा, असे लोक सांगतात. कीचकाने सैरंध्रीवर हात टाकला तेव्हा ती राणी म्हणून त्याच्यासमोर नव्हती. राजवाड्यात राबणारी दासी होती. दासी कोणाचीही, असे समजणारा तो सत्ताधारी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खलनायक पाहून प्रेक्षक सत्ता ओळखतो, हे सरकारलाही कळत होते. कीचकासारख्याचे मूळ शोधायचे तर तेही सत्तेतच सापडेल. दयेची गरज तिथे दासीला असते.

लाल माती आणि इंद्राचे घोडे

आता धारणीकडे परत येऊ. मेळघाटातला कोरकू होळीनंतर मेघनाथाचा खांब पुजतो. मेघनाथ म्हणजे रावणाचा मुलगा. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळा गावात दशानन रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि दसऱ्याला सगळीकडे रावण जळतो तेव्हा तिथे त्याची पूजा होते. बाहेरून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटते. कोरकूंची उत्पत्तिकथा ऐकली की वाटत नाही.

ही कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापली. विंध्य आणि सातपुडा ओसाड होते. ते पाहून रावणाने महादेवाला विनंती केली की इथे माणसे वसव. महादेवाने कावळ्याकरवी वारुळाची लाल माती शोधली आणि तिच्यातून स्त्री-पुरुषाच्या मूर्ती केल्या. लगेच इंद्राने पाठवलेले घोडे आले आणि मूर्ती तुडवून गेले. पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. मग महादेवाने आधी कुत्रा घडवला. कुत्र्याने घोड्यांना रोखले आणि मुला व मुलाई ही पहिली कोरकू जोडी उभी राहिली.

बघा, या कथेत रावण कोण आहे? या डोंगरात माणूस असावा, असे ज्याला वाटले तो. त्याचे मूळ लंकेच्या सोन्यात नाही, सातपुड्याच्या मातीत आहे. आणि घोडे माती तुडवतात, माणूस उभाच राहू देत नाहीत. जोतीरावांना बळीत जे दिसले तेच कोरकू आजी चुलीपुढे सांगत आली. खलनायकाच्या गोष्टीच्या मुळाशी जमीन आहे.

ही नुसती जुनी कथा नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे जंगलातून उठून अकोट तालुक्याच्या सपाटीवर गेली. जो पिढ्यान्‌पिढ्या राहिला तो कागदावर अतिक्रमणदार झाला, जळतण आणणारा चोर झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेनेच मान्य केले की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. म्हणजे त्या मुलाच्या बापाची मागची गोष्ट देशाच्या कायद्यात लिहिलेली आहे. वाचणारे कमी आहेत.

मग आपण रावणाचे भक्त व्हायचे काय?

दसरा आला की आपल्या काही तरुणांच्या स्टेटसवर दशानन झळकतो. त्यामागचा राग आम्हाला समजतो. पण इथे बाबासाहेब काय करतात ते पाहावे.

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. गल्ल्या ओस पडत, लोक टीव्हीला हार घालत. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. त्यात राम आणि कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट होते. वाद पेटला. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत त्याची प्रत जाळली गेली. शासन परिशिष्ट काढायला निघाले तेव्हा फेब्रुवारीत मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला आणि शासनाला, या मतांशी सहमत नसल्याची टीप घालून का होईना, परिशिष्ट ठेवावे लागले. पडद्यावरचा रावण मारला जाताना हात जोडणारा प्रेक्षक आणि पुस्तक वाचवायला रस्त्यावर उतरलेला वाचक, दोघेही त्याच महिन्यांतले. आणखी एक मजा: त्या मालिकेत रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये भाजपचे खासदार म्हणून निवडून आले! प्रेक्षकाला नट आणि राक्षस यांतला फरक कळतो. अडचण येते ती राक्षस कोणी रंगवला हे विचारल्यावर.

बाबासाहेबांनी त्या परिशिष्टात रामाच्या वागण्याची चिकित्सा केली. रावणाचे मंदिर बांधा असे कुठेही सांगितले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला एक देव उतरवून दुसरा चढवता येत नाही. सीतेला पळवणे हे पळवणेच आहे, ते रावणाने केले म्हणून पवित्र होत नाही. खलनायकाला नायक केले की चित्र उलटे होते, चौकट तीच राहते. कोरकूंची श्रद्धा त्यांची आहे. तिचा मान ठेवावा, त्यांच्या पूर्वजाचा पुतळा जाळू नये या आदिवासी संघटनांच्या मागणीला पाठिंबा द्यावा. पण तिला आपल्या भांडणाचे झेंडे लावू नयेत. विजयादशमीला आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. आपल्याला जाळायला किंवा पुजायला कोणी लागत नाही.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी असा सिनेमा पाहाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. याचे मूळ जन्मात दाखवले की व्यवस्थेत? सांगताना जमीन आणि जात कापली काय? आणि ज्यांना त्याने मारले, त्यांची गोष्ट कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना उतरेल असा सिनेमा दुर्मीळ आहे. नाही उतरला तरी पाहावा, पण पाहून गप्प घरी जाऊ नये.

त्या कोरकू मुलाच्या बापाची केस अजून चालू आहे. त्या दिवसानंतर आमच्यातल्या दोघांनी त्यांच्या घरी बसून कागद पाहिले. वनहक्काचा दावा कधी केला, त्यावर काय उत्तर आले, शेत किती पिढ्यांचे, सगळे क्रमाने लिहून काढले. भरतीवाला मित्रही सोबत होता. त्याचे अक्षर चांगले आहे म्हणून लिहायचे काम त्याच्याकडे आले. तीन पाने झाली. मुलगा म्हणाला, बापाची एवढी गोष्ट त्यालाही माहीत नव्हती.

जय भीम.